कूस पालटताना

१९८८ सालचा उन्हाळा. विश्रांतवाडीतल्या आमच्या घराच्या गच्चीवर आजीने जुन्या लुगड्यावर कुरडया घातल्या होत्या आणि कावळ्यांपासून त्यांची राखण करण्याचे काम माझ्याकडे आले होते. जिन्याच्या सावलीत दुपट्यावर माझा पाच महिन्यांचा भाऊ होता. त्याच आठवड्यात तो कुशीवर वळून पालथा पडायला शिकला होता आणि घरात त्याचे मोठे कौतुक चालले होते. लोहगावचा हवाई तळ जवळ असल्यामुळे लढाऊ विमानाचा आवाज आला म्हणून आमच्याकडे कोणी मान वर करीत नसे. त्या दुपारी मात्र आम्ही दोघींनी केली. तळावर नव्यानेच दाखल झालेल्या मिग-२९ विमानांपैकी एक बऱ्याच उंचीवरून सरळ निघाले होते आणि जाता जाता ते स्वतःभोवती एकदा संथपणे फिरले. आधी एक पंख जमिनीकडे झाला, मग जमिनीवरच्या माणसाला एरवी कधीच न दिसणारी विमानाची पाठ क्षणभर आमच्याकडे वळली, मग दुसरा पंख खाली आला आणि विमान पुन्हा होते तसे होऊन निघून गेले. आजीने कपाळावर आडवा हात धरून ते पाहिले आणि म्हणाली, "बघ गं, विमानानं कूस पालटली."

विमानविद्येत याला रोल म्हणतात. पुढे मी या विषयावरचे पुष्कळ वाचले, स्वतः उडायला शिकले, पण आजीच्या त्या शब्दाइतका नेमका शब्द मला अजून सापडलेला नाही. माणूस कूस पालटतो तेव्हा डोके उशीवरच राहते आणि अंग तेवढे फिरते. रोलमध्येही तेच व्हायला हवे असते. लूप ही कोलांटी आहे. तिच्यात विमानाचे नाकच पुढाकार घेते, वर जाते, मागे जाते, खाली येते. रोलमध्ये नाकाने क्षितिजावरचा एक बिंदू धरून ठेवायचा आणि बाकीच्या सगळ्या विमानाने त्याच्याभोवती फिरायचे. पाहणाऱ्याचे लक्ष फिरण्याकडे जाते. विमान चालवणाऱ्याची सगळी शक्ती मात्र न फिरणाऱ्या त्या एका बिंदूवर खर्च होते.

विमानाचा जन्मच कूस बदलण्याच्या या क्षमतेतून झाला आहे, असे मला वाटते. राइट बंधूंच्या आधीच्या आणि त्यांच्या काळातल्या बहुतेक प्रयोगकर्त्यांच्या मनात विमान म्हणजे हवेतली होडी होती. ती आपोआप सपाट तरंगत राहावी आणि मागच्या सुकाणूने डावी-उजवीकडे वळावी, अशी त्यांची कल्पना होती. राइट बंधू सायकलींचे दुकान चालवत होते. वळताना सायकल झुकवावी लागते, आणि न झुकता वळू पाहणारा आडवा होतो, हे त्यांना रोजच्या अनुभवाने माहीत होते. १८९९ साली डेटनमधल्या त्या दुकानात विल्बरच्या हातात सायकलच्या ट्यूबचा लांबट रिकामा खोका होता. बोलता बोलता त्याने त्याची दोन टोके विरुद्ध दिशांना पिळली, आणि पंखही असेच पिळता आले तर एक बाजू उचलली जाईल आणि दुसरी खाली जाईल, हे त्याच्या लक्षात आले. आजच्या विमानाच्या पंखांच्या मागच्या कडेला टोकाजवळ जी झडप असते, जिला एलेरॉन म्हणतात, ती त्याच पिळण्याचे काम करते.

पण या युक्तीत एक खोड होती आणि ती त्यांना त्यांच्या प्रयोगांच्या जागी, किटी हॉकच्या वाळूवर कळली. जो पंख वर उचलला जातो तो हवेला अधिक अडतो, त्यामुळे तो मागे ओढला जातो आणि विमानाचे नाक नको त्या बाजूला सरकते. १९०२ च्या ग्लायडरवर त्यांनी आधी शेपटीला उभे स्थिर पडदे लावले, तेवढ्याने भागेना, तेव्हा हलता रडर, म्हणजे उभे सुकाणू, बसवला आणि तो पंखांच्या पिळाशी जोडून टाकला. हाताने पंख फिरवायचे आणि पायाने नाक सावरायचे, या दोन कामांची गाठ तेव्हा बांधली गेली. स्लो रोल हा रोलचा संथ प्रकार शिकताना ही गाठ सोडवावी लागते, आणि तेच त्यातले अवघड काम आहे. त्याकडे मी येते.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सिएटलजवळ राहायला आलो आणि वयाच्या चाळिशीत मी छोटे विमान चालवण्याचा परवाना घेतला. त्यानंतर दोन वर्षांनी एका लहान धावपट्टीवर सुपर डेकॅथलॉन हे विमान पाहिले. एकापुढे एक अशा दोन जागा, कापडाने मढवलेले पंख, १८० अश्वशक्तीचे इंजिन; दिसायला शेतावर उतरणाऱ्या साध्या विमानासारखेच, पण सरळ बाजूने स्वतःच्या वजनाच्या सहापट आणि उलट्या बाजूने पाचपट भार सोसायला बांधलेले. साधे विमान उताणे झाले की त्याच्या टाकीतले पेट्रोल इंजिनाकडे जायचे थांबते. याच्यात त्यासाठी वेगळी छोटी टाकी असते आणि इंजिनाच्या तेलाचीही निराळी सोय असते, त्यामुळे काही काळ ते उलटे उडू शकते. माझ्या प्रशिक्षिका साठीच्या पुढच्या होत्या, बोलणे मोजके. पहिल्या दिवशी त्यांनी माझे खिसे रिकामे करायला लावले. किल्ल्या, पेन, चष्म्याची डबी, सगळे. मग कॉकपिटच्या तळाची त्यांनी स्वतः हाताने चाचपणी केली, कारण तिथे पडलेली एखादी वस्तू विमान उलटल्यावर नियंत्रणाच्या तारांमध्ये जाऊन अडकू शकते. मग आम्ही पॅराशूट चढवले. त्यावर पाच पट्ट्यांचा बंध, तो इतका आवळलेला की श्वास पोटाऐवजी छातीच्या वरच्या भागात घ्यावा लागे. जमिनीपासून १५०० फुटांच्या खाली कसरती करायला इथल्या नियमांनी बंदी आहे. आमच्या बाईंचा स्वतःचा नियम पाच हजारांचा होता.

पहिला आला एलेरॉन रोल, ज्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. नाक क्षितिजाच्या वर वीस-तीस अंश उचलायचे, तिथे थांबवायचे, मग स्टिक, म्हणजे हातातला नियंत्रणाचा दांडा, पूर्ण डावीकडे न्यायची आणि विमान फिरून सरळ होईपर्यंत तिथेच धरायची. चार-पाच सेकंदांत संपते. वर फेकलेला दगड जसा कमानीत जातो तसे विमान जाते, आणि फिरणे पूर्ण होते तेव्हा नाक क्षितिजाच्या थोडे खाली आलेले असते. आधी नाक का उचलायचे, हे एवढ्यावरून कळते. मला त्यात भीती वाटली नाही, पण काही कळलेही नाही.

दुसरा बॅरल रोल, आणि याच्याशी माझी ओळख जुनी होती, कारण मी रोज ज्या तळ्यावरच्या तरंगत्या पुलावरून कामाला जात असे त्या लेक वॉशिंग्टनच्या आकाशात या रोलचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग झालेला आहे. ऑगस्ट १९५५. गोल्ड कप या वेगवान बोटींच्या शर्यतीसाठी तळ्याच्या काठावर लाखाहून अधिक माणसे जमली होती. बोइंग कंपनीने स्वतःचे एक कोटी साठ लाख डॉलर घालून ३६७-८० हे चार इंजिनांचे जेट विमान बांधले होते. त्याने आदल्या वर्षीच, १५ जुलै १९५४ रोजी, पहिले उड्डाण केले होते, आणि प्रवासी जेट विमान ही कल्पना विमान कंपन्यांच्या गळी अजून उतरायची होती. डग्लस कंपनी स्पर्धेत होती. त्या दिवशी विमान कंपन्यांची बडी मंडळी सिएटलमध्ये पाहुणी होती. चाचणी वैमानिक टेक्स जॉन्स्टन ते अवाढव्य विमान घेऊन तळ्यावर आला, त्याने नाक उचलले आणि सर्वांसमोर बॅरल रोल केला. मग वळून परत आला आणि दुसरा केला. कंपनीचे अध्यक्ष बिल ॲलन तळ्यातल्या एका बोटीवरून हे पाहत होते. त्यांना कोणीही काही कळवलेले नव्हते. नंतर कार्यालयात बोलावून त्यांनी जाब विचारला, तेव्हा मी विमाने विकत होतो, असे जॉन्स्टनने सांगितले. हा प्रकार पुन्हा करायचा नाही, अशी त्याला ताकीद मिळाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पॅन ॲम कंपनीने या विमानातून घडलेल्या ७०७ साठी वीस विमानांची मागणी नोंदवली. रोलमुळेच ती आली असे म्हणणे मात्र भाबडेपणाचे होईल, कारण पॅन ॲमने त्याच वेळी डग्लसचीही पंचवीस विमाने मागवली होती.

त्या उड्डाणात एका इंजिनिअरने खिडकीतून काढलेले छायाचित्र मी कितीदा तरी पाहिले आहे. पंख, पंखावर उलटी दिसणारी इंजिने, आणि आकाशाच्या जागी जमीन. त्या क्षणी छायाचित्र काढणारा माणूस मात्र आपल्या जागेवर, आपल्या वजनाने, नीट होता. बॅरल रोलचे वैशिष्ट्य इथे आहे. आडव्या ठेवलेल्या मोठ्या पिंपाच्या आतल्या भिंतीवरून पिळाच्या रेषेत धावत जावे, तसे विमान एका काल्पनिक अक्षाभोवती जाते. फिरता फिरता ते वळतही असते, आणि पंखांचा उचल देणारा जोर सतत छताच्या दिशेने ओढत राहतो. विमान उलटे असतानाही आतल्या माणसाला दाब जाणवतो तो खुर्चीचाच. याला एक जीचा रोल म्हणतात, म्हणजे माणसाला पूर्ण वेळ आपले नेहमीचेच वजन जाणवते, असे. हे काटेकोर खरे नाही. सुरुवातीला नाक उचलायचे म्हणजे वजन दुपटीपेक्षाही वाढते, आणि माथ्यावर ते नेहमीपेक्षा कमी होते. पण ते शून्याच्या खाली जात नाही, आणि विमानाच्या दृष्टीने महत्त्वाचे तेवढेच आहे. जॉन्स्टनने हा धोका पत्करला तो हिशेब करून पत्करला होता. तरी ॲलन यांची ताकीद मला पूर्णपणे योग्य वाटते, कारण हिशेब एकाने केला होता आणि जोखीम इतरांचीही होती.

हेच गणित बॉब हूवर चहाच्या पेल्याने समजावून सांगत असे. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ विमान पाडले गेल्यामुळे युद्धकैदी झालेला आणि शेवटी शत्रूचेच फोके-वुल्फ विमान पळवून हॉलंडला पोहोचलेला हा वैमानिक, पुढे श्राइक कमांडर या दोन इंजिनांच्या, व्यवसायाच्या कामासाठी बनवलेल्या विमानातून प्रात्यक्षिके करीत असे. कॅमेरा सुरू असताना त्याने एका हाताने विमानाचा बॅरल रोल केला आणि दुसऱ्या हाताने पेल्यात थंड चहा ओतला. खिडकीबाहेर जमीन डोक्यावरून फिरत गेली आणि चहाची धार सरळ पेल्यात पडत राहिली. त्यातले सर्वांत अवघड काम कोणते, तर कॅमेऱ्याला नीट दिसावे म्हणून हात उलटा धरून चहा ओतावा लागला ते, असे तो सांगत असे. हे विधान मला विनयापोटी केलेले वाटत असे. स्वतः बॅरल रोल केला तेव्हा ते शब्दशः खरे असल्याचे पटले. डोळे मिटले असते तर आपण उताणे झालो आहोत हे मला कळले नसते. आपल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला वर-खाली समजत नाही, त्याला फक्त ओढ समजते. ओढ खुर्चीकडे असली की ते निर्धास्त असते.

काही वर्षांपूर्वी आई पुण्याहून आली होती तेव्हा तिला मी वॉशिंग्टन शहराजवळच्या उद्वार-हेझी केंद्र या विमान-संग्रहालयात घेऊन गेले. जॉन्स्टनचे ते विमान आणि हूवरचे श्राइक कमांडर, दोन्ही तिथे एकाच छताखाली ठेवलेली आहेत. पण आई त्यांच्यापर्यंत पोहोचायच्या आधीच थबकली. प्रवेशद्वाराजवळ बेटी स्केल्टनचे 'लिटल स्टिंकर' हे लाल-पांढरे पिट्स विमान टांगलेले आहे, आणि ते उलटे टांगलेले आहे. पंखांची लांबी जेमतेम पाच मीटर. ज्या काळात स्त्रियांना विमान कंपन्या वैमानिक म्हणून घेत नव्हत्या त्या काळात बेटीने १९४८ पासून सलग तीन वर्षे महिलांचे हवाई कसरतींचे अजिंक्यपद मिळवले. जमिनीपासून दहा फुटांवर बांधलेली फीत ती उलट्या विमानाने कापत असे. हे सगळे मी आईला सांगितले. ते ऐकून घेऊन तिने विचारले, "अगं, पण उलटं झाल्यावर पंख त्याला खाली ढकलत कसे नाहीत?"

हा प्रश्न फार थोड्या माणसांना सुचतो. पंखाची वरची बाजू फुगीर असते म्हणून विमान उचलले जाते, एवढेच शाळेत शिकवलेले असते, आणि तेवढेच खरे असते तर उलटे झालेले विमान दगडासारखे खाली यायला हवे होते. पंखाचा आकार मदत करतो; पण खरे काम, पंख समोरून येणाऱ्या हवेला कोणत्या कोनात भेटतो, यावर चालते. विमान उताणे असतानाही नाक क्षितिजाच्या पुरेसे वर धरले तर पंख हवेला योग्य कोनात भेटतो आणि विमान पेलले जाते. डेकॅथलॉनचा पंख वर-खाली जवळजवळ सारखाच असल्यामुळे हे सोपे जाते. मात्र उताणे असताना नाक 'वर' धरायचे म्हणजे स्टिक पुढे ढकलायची. सरळ विमानात स्टिक पुढे ढकलली की नाक जमिनीकडे जाते. उलट्या विमानात ती ओढली की जमिनीकडे जाते. घाबरलेला माणूस ओढतो. प्रत्येक जण ओढतो, कारण परवाना घेईपर्यंतच्या सगळ्या तासांनी हाताला तेच शिकवलेले असते. ओढले की विमान उलट्या स्थितीतून थेट खाली सूर मारते आणि दोन-तीन सेकंदांत वेग भयंकर वाढतो. नवशिक्यांच्या कित्येक अपघातांचे मूळ याच एका हालचालीत आहे. आमच्या बाईंनी म्हणून एक वाक्य माझ्याकडून जमिनीवर वीस वेळा म्हणवून घेतले होते: गोंधळ झाला तर ढकल, आणि फिरणे पूर्ण कर.

आता स्लो रोल. आजीने पाहिला होता तो.

क्षितिजावर एक खूण निवडायची. मी उत्तरेकडचे बेकर पर्वताचे बर्फाळ शिखर निवडते. त्या शिखरावर नाक ठेवून, उंची न बदलता, दिशा न बदलता, विमान एकदा पूर्ण फिरवायचे. मी डावीकडे फिरते. स्टिक डावीकडे जाते आणि तिच्याबरोबर डावा पाय. ही राइट बंधूंची जुनी गाठ. पण विमान कुशीकडे कलायला लागले की पंखांचा जोर वरच्या ऐवजी बाजूला जाऊ लागतो आणि नाक खाली घसरू पाहते. ते आता रडरनेच पेलायचे, म्हणून स्टिक डावीकडेच ठेवून पाय मात्र उजवा दाबायचा. पंख उभे झाले की विमान खरोखर कुशीवर असते. पंख त्या क्षणी विमानाला उचलत नाहीत, उचलते ते विमानाचे धड आणि इंजिनाची तिरकी ओढ, आणि माझे सारे वजन डाव्या खांद्याच्या पट्ट्यावर येते. इंग्रजीत याला नाईफ-एज म्हणतात. मग हात डावीकडेच ठेवून स्टिक पुढे ढकलायची, आणखी पुढे, मनाला पटते त्यापेक्षाही पुढे. विमान उताणे झाले. पट्टे मांड्यांत रुततात, पावले पेडलवरून सुटून छताकडे जाऊ पाहतात, चेहऱ्यात रक्त साचते, आणि इतके झाडूनही कुठेतरी उरलेली धूळ तळातून निघून डोळ्यांसमोरून वर, म्हणजे जमिनीच्या दिशेने, पडते. शिखर समोरच आहे, फक्त उलटे लोंबते आहे. मग उजवी कूस. आता आधार देणारा पाय डावा, तोही योग्य क्षणी आणि योग्य मापाने, आणि पुढे ढकललेली स्टिक हळूहळू मागे. पंख पुन्हा सपाट, हात मध्यावर, पाय मध्यावर.

या आठ-दहा सेकंदांत हात बाजूच्या दिशेने एकच गोष्ट सांगत असतो, पुढे-मागे मात्र त्याला दुसरीच सांगावी लागते, आणि पाय तिसरे काहीतरी सांगत दोनदा मत बदलतात. प्रत्येक नियंत्रणाचा अर्थ दर नव्वद अंशांनी बदलतो. ज्या रडरचे काम नाक डावी-उजवीकडे नेण्याचे, तो कुशीवर असताना नाक वर-खाली नेतो. ज्या एलिव्हेटरचे काम वर-खाली नेण्याचे, तो दिशा बदलू लागतो. बॅरल रोलमध्ये बाहेरचे जग कितीही उलथले तरी शरीराला त्याची खबर लागत नाही. स्लो रोलमध्ये शरीराला सगळे कळते, पाव पाव वळणाने कळते, आणि तरी विमानाच्या वाटेला त्याचा पत्ता लागू द्यायचा नसतो. खालून पाहणाऱ्याला बॅरल रोल भव्य वाटतो आणि स्लो रोल साधा, आणि हे मला नेहमी थोडे लागते. बॅरल रोलचा देखणेपणा मी नाकारत नाही. पण सरळ रेषेत जाणारे विमान कूस पालटते आणि तरी सरळच जात राहते, तेव्हा दिसत नाही ते काम किती असते, हे पाय पेडलवर ठेवल्याशिवाय कळत नाही. पहिल्या महिन्यात माझे नाक शिखराभोवती अशा वेड्यावाकड्या वाटोळ्यातून जाई की बाईंनी एकदा मागच्या जागेवरून माझ्या खांद्यावर नुसता हात ठेवला आणि काहीच बोलल्या नाहीत.

डग्लस बेडरची गोष्ट मी याच काळात पुन्हा वाचली. १४ डिसेंबर १९३१, इंग्लंडमधले रेडिंगजवळचे वुडली विमानतळ. एकवीस वर्षांचा, अतिशय कुशल असा हा वैमानिक ब्रिस्टल बुलडॉग विमानातून जमिनीलगत स्लो रोल करायला गेला. डाव्या पंखाचे टोक गवताला लागले. त्याचे दोन्ही पाय कापावे लागले. नंतर त्याने आपल्या नोंदवहीत लिहिले ते एवढेच, की जमिनीजवळ स्लो रोल करताना कोसळलो, वाईट कामगिरी. लाकडी आणि धातूच्या पायांवर तो पुन्हा उभा राहिला, युद्धात लढाऊ विमान चालवू लागला, हे सर्वश्रुत आहे. मला त्या नोंदीतला नेमकेपणा अधिक भिडतो. स्लो रोलमध्ये नाक थोडे घसरले तर शंभर-दोनशे फूट सहज जातात. पाच हजार फुटांवर ती एक चूक असते आणि आपण ती पुन्हा सुधारून पाहतो. वुडलीच्या गवतावर तिला जागाच नव्हती.

स्नॅप रोलविषयी थोडक्यात सांगते, कारण मला तो आवडत नाही. स्टिक झटक्याने मागे आणि रडर पूर्ण एका बाजूला. एका पंखाची उचल तुटते, दुसऱ्याची शिल्लक राहते आणि विमान डोळ्याचे पाते लवण्याच्या आत भोवऱ्यासारखे फिरते. पॉइंट रोल मात्र सुंदर असतो. त्यात फिरणे दर नव्वद किंवा पंचेचाळीस अंशांवर खाडकन थांबवायचे आणि पुन्हा सुरू करायचे असते. स्पर्धेत हे सारे एक किलोमीटर लांबी-रुंदी-उंचीच्या काल्पनिक घनात करावे लागते. स्पेनच्या होसे लुइस आरेस्ती यांनी बसवलेल्या चिन्हलिपीत प्रत्येक कसरत रेषा आणि बाणांनी लिहिलेली असते, आणि परीक्षक दहा गुणांपासून सुरुवात करून दर पाच अंशांच्या चुकीला एक गुण कापत जातात. त्या लिपीत रोल म्हणजे रेषेला छेदणारा एक लहानसा वाकडा बाण. रेषा तशीच पुढे जाते.

ही रेषा राखणे म्हणजे केवळ कसरतपटूंचा छंद, असेही नाही. ध्वनीच्या वेगाजवळ जाणारी विमाने आली तेव्हा त्यांची धडे लांब आणि जड झाली, पंख आखूड झाले. १९४८ सालीच अमेरिकेतल्या विल्यम फिलिप्स या संशोधकाने गणिताने दाखवून दिले होते की असे विमान जोरात फिरवले तर फिरणे तेवढ्यावर थांबणार नाही. धडाच्या दोन्ही टोकांचे वजन बाहेर फेकले जाऊ पाहील आणि विमान आडवेच होऊ लागेल. ऑक्टोबर १९५४ मध्ये त्याची किंमत मोजावी लागली. एफ-१०० या विमानाच्या चाचणीत ते हवेतच मोडले आणि जॉर्ज वेल्श हा नामवंत वैमानिक गेला. त्याच महिन्यात एक्स-३ या प्रायोगिक विमानात जो वॉकर याने नुसता एलेरॉन पूर्ण फिरवला, आणि विमान सर्व अक्षांवर बेभान झाले. तो सुखरूप परतला. एफ-१०० ची शेपूट त्यानंतर मोठी करण्यात आली. नाक एका बिंदूवर राहावे म्हणून मी पायाने जे करते, तेच तिथे त्या वाढवलेल्या शेपटीने करायचे होते.

फेब्रुवारी २०११ मध्ये मी भारतात होते आणि बंगळुरूजवळ येलहंक्याला हवाई प्रदर्शन पाहायला गेले. भारतीय वायुसेनेच्या सूर्यकिरण पथकाची नऊ भगवी-पांढरी किरण विमाने तिथे उडाली. १९९६ साली बिदरला उभे राहिलेले हे पथक त्या प्रदर्शनानंतर थांबवण्यात आले, कारण ती विमाने वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी हवी होती. पुढे २०१५ मध्ये ते हॉक विमानांवर पुन्हा उभे राहिले. नऊ विमाने एकमेकांना चिकटून एकच मोठा बॅरल रोल करतात तेव्हा वाटते की सगळी एकच काम करीत आहेत. तसे नसते. पुढचा नायक संथ, मोठा रोल करतो. बाहेरच्या टोकाच्या विमानाला नायकाच्या डोक्यावरून जावे लागते, म्हणजे जास्त अंतर, जास्त शक्ती. आतल्या टोकाच्या विमानाला तेवढ्याच वेळात मागे रेंगाळावे लागते. आणि यातला नायकाखेरीज एकही जण क्षितिजाकडे पाहत नाही. प्रत्येकाची नजर शेजारच्या विमानाच्या पंखावरच्या ठरलेल्या खुणेवर असते. आपण आत्ता उताणे आहोत की सरळ, हे त्याला ठाऊक असण्याची गरज नसते. खूण जागेवर आहे एवढेच पुरते. बाजूने नऊ विमाने पंख भिडवून वर चढली आणि त्यांच्या पाठी आमच्याकडे वळल्या, तेव्हा गर्दीत कोणी काही बोलले नाही. आठ वर्षांनी, १९ फेब्रुवारी २०१९ रोजी, याच येलहंक्याच्या आकाशात सरावाच्या वेळी पथकाची दोन विमाने एकमेकांवर आदळली आणि एक वैमानिक मृत्युमुखी पडला. ते वृत्त मी सिएटलला वाचले. त्या आठवड्यात आमचे उड्डाण ठरलेले होते. बाईंना मी ते वृत्त सांगितले, आणि त्या दिवशी त्यांनी पट्टे तपासण्याचे काम नेहमीपेक्षा सावकाश केले.

गेल्या शरद ऋतूतल्या एका सकाळी मी डेकॅथलॉन घेऊन उत्तरेकडच्या शेतांवर गेले. पाऊस नुकताच सरला होता, हवा स्थिर होती, बेकरचे शिखर धुऊन काढल्यासारखे दिसत होते. बाई मागे होत्या. खाली कोणी नाही हे पाहण्यासाठी दोन्ही बाजूंना एकेक वळण घेतले, वेग बांधला, शिखर नाकावर घेतले. एकामागून एक सहा स्लो रोल केले. पहिल्यात उताणे असताना मी पुरेसे ढकलले नाही आणि उंची गेली. दुसऱ्यात जास्त ढकलले. चौथ्यात शिखर पहिल्या कुशीवर आणि उताणे असतानाही जागचे हलले नाही, तेवढ्यात डावा पाय द्यायला क्षणभर उशीर झाला आणि ते उजवीकडे निसटले. पाचव्यात पायाची घाई झाली. सहावा संपला तेव्हा मागून काही आवाज आला नाही, म्हणून मी स्वतःच दिशादर्शकाकडे पाहिले.

उतरल्यावर विमान हँगरमध्ये ढकलून ठेवले, तळ झाडून काढला आणि पंखाला टेकून वही उघडली. बेकरकडे तोंड, उंची ५००० फूट, स्लो रोल ६. सहाव्यात दिशा ५ अंशांनी चुकली, उजव्या कुशीवरून परतताना डावा पाय अजून उशिरा.